श्टेफान बेलोफ

श्टेफान बेलोफ (२० नोव्हेंबर, १९५७:गीसन, हेसेन, पश्चिम जर्मनी - १ सप्टेंबर, १९८५:स्पा-फ्रांकोरशां, बेल्जियम) हा पश्चिम जर्मनीचा मोटार शर्यतचालक होता. १९८४ साली त्याने पोर्शे कंपनीच्या कारखाना संघाकडून खेळताना दीर्घ पल्ल्याच्या स्पोर्ट्स कार शर्यतींचे जागतिक चालक अजिंक्यपद जिंकले. हे अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला जर्मन चालक होय. १९८४ व १९८५ या दोन हंगामांत तो टिरेल संघाकडून फॉर्म्युला वनमध्येही उतरला. २८ मे, १९८३ रोजी न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफं या जुन्या उत्तर वळसामार्गावर त्याने ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत पूर्ण केलेली फेरी ३५ वर्षे अबाधित राहिली. स्पा येथील १,००० किमी शर्यतीत झालेल्या अपघातात वयाच्या २७ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

बेलोफची वरच्या श्रेणीतील कारकीर्द १९८२ च्या वसंतापासून १९८५ च्या उन्हाळ्याअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतीन वर्षांची आहे. या काळात त्याने फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत जिंकली नाही. तरीही त्या पिढीतील सर्वांत वेगवान चालकांची चर्चा होते तेव्हा आयर्टन सेनाच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते. त्याचे मूळ मुख्यतः स्पोर्ट्स कार शर्यतींतील त्याच्या कामगिरीत आहे.

सुरुवातीची वर्षे

बेलोफचा जन्म हेसेन राज्यातील गीसन या विद्यापीठाच्या गावी झाला. त्याचा थोरला भाऊ गेओर्ग कार्ट शर्यतींत भाग घेत असे. त्याच्या पाठोपाठ श्टेफानही किशोरवयात कार्ट चालवू लागला. जर्मनीत त्या काळी कार्टपासून एकासनी गाड्यांपर्यंत जाण्याचा मार्ग आजच्यासारखा आखीव नव्हता. मोटार उत्पादकांच्या प्रशिक्षण योजना तुरळक होत्या आणि होतकरू चालकाला प्रायोजक स्वतःच शोधावे लागत. १९८० साली बेलोफने कार्टचे जर्मन विजेतेपद मिळवले, आणि त्याच वर्षी फॉर्म्युला फोर्ड १६०० या प्राथमिक श्रेणीतील राष्ट्रीय विजेतेपदही जिंकले. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. आजच्या मानाने हे वय उशिराचे वाटेल, पण तेव्हा त्यात वावगे काही नव्हते.

१९८१ मध्ये तो जर्मन फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला. तीन शर्यती जिंकून त्याने हंगामाअखेर तिसरा क्रमांक मिळवला. या कामगिरीमुळे संघमालक विली माउरर याचे त्याच्याकडे लक्ष गेले. माउररने त्याला आपल्या फॉर्म्युला टू संघात घेतले आणि पुढे त्याचा व्यवस्थापक म्हणूनही काम पाहिले.

१९८२ ची युरोपीय फॉर्म्युला टू मालिका सुरू झाली ती बेलोफच्या दोन सलग विजयांनी. सिल्व्हरस्टोन येथील पहिली शर्यत आणि त्यानंतरची हॉकेनहाइम येथील शर्यत त्याने बीएमडब्ल्यू इंजिनाच्या माउरर गाडीतून जिंकल्या. ज्या श्रेणीत चालक एकेका विजयासाठी वर्षानुवर्षे झगडत, तेथे नवख्याने पहिल्या दोन्ही शर्यती जिंकणे अपूर्व होते. हा जोर मात्र टिकला नाही. उर्वरित हंगामात त्याला आणखी विजय मिळाला नाही आणि तो गुणतक्त्यात कोरादो फाबी, जॉनी चेकोतो व तिएरी बुत्सेन यांच्यानंतर चौथा आला. पुढच्या हंगामातही तो फॉर्म्युला टूमध्ये होता, परंतु तेव्हा त्याचे खरे काम दुसरीकडे सुरू झाले होते.

ग्रुप सी आणि पोर्शे ९५६

स्पोर्ट्स कार शर्यतींसाठी १९८२ पासून ग्रुप सी ही नवी नियमावली लागू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, इंजिनाच्या आकारावर जवळजवळ बंधन नव्हते, बंधन होते ते इंधनावर. गाडीची टाकी १०० लिटरची आणि १,००० किमीच्या शर्यतीत पाच वेळा इंधन भरण्याची मुभा, म्हणजे संपूर्ण शर्यतीसाठी साधारण ६०० लिटर इंधन मिळे. गाडीचे वजन किमान ८०० किग्रॅ असावे लागे. चालकाने सतत पूर्ण वेगाने गाडी दामटली तर शर्यत संपण्याआधीच टाकी कोरडी पडे. त्यामुळे जिंकण्यासाठी वेगाइतकीच काटकसरही लागे. एका गाडीत दोन किंवा अधिक चालक आळीपाळीने बसत असल्याने एकाच्या उधळेपणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत असे.

या नियमांनुसार पोर्शेने नोर्बर्ट झिंगर याच्या नेतृत्वाखाली ९५६ ही गाडी तयार केली. पोर्शेच्या इतिहासात ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एकसंध सांगाडा असलेली ही पहिलीच शर्यतीची गाडी. गाडीच्या तळाला दिलेल्या आकारामुळे खालून वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होई आणि गाडी रस्त्याला चिकटून राही. मागच्या बाजूला २.६५ लिटरचे, दोन टर्बोचार्जर बसवलेले सहा सिलिंडरचे इंजिन होते व त्याची शक्ती ६०० अश्वशक्तीहून अधिक होती. जून १९८२ मध्ये ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत पोर्शेच्या तीन ९५६ गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या. त्यानंतरची काही वर्षे हीच गाडी या खेळाचा मानदंड ठरली.

या गाडीची एक बाजू मात्र चिंताजनक होती. चालकाचे आसन इतके पुढे होते की पायाखालची पेडल पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे येत. समोरून जोरदार धडक बसल्यास पाय आणि कठडा यांच्यामध्ये गाडीचे नाक सोडून फारसे काही उरत नसे. त्या काळातील फॉर्म्युला वनसह बहुतेक शर्यतीच्या गाड्यांची रचना अशीच होती आणि तेव्हा त्याविषयी फारसा गवगवा होत नव्हता.

पोर्शे संघात प्रवेश

१९८३ च्या हंगामासाठी पोर्शेने बेलोफला रॉथमन्स या सिगारेट कंपनीच्या प्रायोजकत्वाखालील कारखाना संघात घेतले. संघाच्या एका गाडीत बेल्जियमचा जाकी इक्स आणि जर्मनीचा योखेन मास ही जोडी होती. दुसऱ्या गाडीसाठी इंग्लंडच्या डेरेक बेलबरोबर बेलोफची जोडी जमवण्यात आली. बेल तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा, ल मांची शर्यत अनेकदा जिंकलेला मुरब्बी चालक होता. बेलोफ पंचवीस वर्षांचा, वरच्या दर्जाच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचा जवळजवळ अनुभव नसलेला. एकाने दुसऱ्याला इंधन कसे वाचवावे, गर्दीतून वाट कशी काढावी हे शिकवायचे आणि दुसऱ्याने फेरीची वेळ खाली आणायची, अशी ही विभागणी होती.

मे महिन्यात सिल्व्हरस्टोन येथील १,००० किमी शर्यतीत या जोडीने पदार्पणातच विजय मिळवला. ऑक्टोबरमध्ये जपानमधील फुजी येथे आणि डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्यांनी आणखी दोन शर्यती जिंकल्या. ल मां येथे बेलोफ मासबरोबर उतरला होता. तेथे त्यांची गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. त्या वर्षीचे चालक अजिंक्यपद इक्सने राखले.

न्युर्बुर्गरिंग, मे १९८३

बेलोफचे नाव ज्या एका फेरीशी कायमचे जोडले गेले ती या हंगामातील न्युर्बुर्गरिंग १,००० किमी शर्यतीच्या पात्रता फेरीतील होय.

आयफेल डोंगररांगेतील नॉर्डश्लाइफं हा मार्ग १९२७ साली खुला झाला. जंगलातून जाणारा, चढउतारांचा, अरुंद आणि सत्तरहून अधिक वळणांचा हा रस्ता जॅकी स्ट्यूअर्टने दिलेल्या 'हिरवा नरक' या नावाने ओळखला जातो. १९७६ मध्ये येथे झालेल्या निकी लाउडाच्या भीषण अपघातानंतर फॉर्म्युला वनने या मार्गाकडे पाठ फिरवली. स्पोर्ट्स कार शर्यती मात्र चालू राहिल्या. १९८३ मध्ये शेजारीच नव्या, छोट्या व सुरक्षित ग्रांप्री मार्गाचे बांधकाम सुरू होते. जुना प्रारंभ व समाप्तीचा भाग त्यासाठी तोडण्यात आल्याने त्या वर्षीची शर्यत सुमारे २०.८ किमी लांबीच्या मार्गावर घ्यावी लागली. जागतिक अजिंक्यपदाची ही तेथील अखेरची शर्यत ठरणार हे बहुतेकांना ठाऊक होते.

शनिवार, २८ मे रोजी बेलोफने ९५६ गाडीतून ६ मिनिटे ११.१३ सेकंदांची वेळ नोंदवली. सरासरी वेग ताशी २०२ किमी होता. दुसऱ्या क्रमांकावरील मास तशाच कारखाना गाडीत पाच सेकंदांहून अधिक मागे होता, आणि त्यानंतरच्या खासगी संघांच्या ९५६ गाड्या जवळपास अर्धा मिनिट मागे. जवळजवळ त्याच बनावटीच्या गाड्यांमधला हा फरक पाहता त्याचे श्रेय केवळ यंत्राला देता येत नाही. नॉर्डश्लाइफंवर ताशी २०० किमीची सरासरी ओलांडणारा बेलोफ हा पहिला चालक होता आणि पुढची साडेतीन दशके एकमेव राहिला. त्या फेरीत आपल्याकडून दोन चुका झाल्या व एका संथ गाडीमुळेही थोडा वेळ गेला, असे त्याने नंतर म्हटल्याचे सांगितले जाते.

दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत त्याने ६ मिनिटे २५.९१ सेकंदांची फेरी पूर्ण करून शर्यतीतील वेगवान फेरीचा विक्रमही आपल्या नावे केला. बेल व बेलोफ यांची गाडी आघाडीवर होती आणि आघाडी पुरेशी होती. तरीही बेलोफचा वेग कमी झाला नाही. विसाव्या फेरीत प्फ्लांझगार्टन या उतारावरील उंचवट्यापाशी गाडी हवेत उचलली गेली, तिच्या तळाखाली वारा शिरला आणि ती कठड्यावर आदळून मोडून पडली. बेलोफ मोडतोडीतून चालत बाहेर आला. त्याला इजा झाली नव्हती. शर्यत इक्स व मास यांनी जिंकली.

या दोन दिवसांचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला. एका बाजूने, इतका वेग आजवर कोणी दाखवला नव्हता. दुसऱ्या बाजूने, आघाडीवर असताना वेग आवरता आला नाही म्हणून हातातली शर्यत गेली. बेलने आपल्या आठवणींमध्ये या तरुण सहचालकाच्या वेगाविषयी कौतुक आणि त्याच्या बेफिकिरीविषयी काळजी अशा दोन्ही भावना व्यक्त केल्या आहेत. पुढे बेलोफच्या अखेरच्या शर्यतीची चर्चा होताना प्रत्येक वेळी प्फ्लांझगार्टनचा दाखला दिला गेला.

विश्वविजेतेपद, १९८४

१९८४ च्या हंगामात बेलोफने सहा शर्यती जिंकल्या. माँझा, न्युर्बुर्गरिंग, स्पा आणि ऑस्ट्रेलियातील सॅनडाउन येथे त्याचा सहचालक बेल होता. इमोला येथे तो हान्स-योआखिम श्टुकबरोबर आणि फुजी येथे जॉन वॉटसनबरोबर जिंकला. न्युर्बुर्गरिंगची शर्यत आता नव्या ग्रांप्री मार्गावर झाली, त्यामुळे आदल्या वर्षीच्या विक्रमाशी तिची तुलना करता येत नाही.

ल मांची शर्यत त्या वर्षी पोर्शेच्या कारखाना संघाविनाच झाली. इंधनाचा कोटा आणखी कमी करण्याचा आधी जाहीर केलेला निर्णय क्रीडासंघटनेने ऐनवेळी फिरवला. त्यानुसार तयारी केलेल्या पोर्शेने निषेध म्हणून संघ पाठवला नाही. परिणामी आपल्या सर्वोत्तम हंगामात बेलोफला या खेळातील सर्वांत प्रतिष्ठेच्या शर्यतीत भागच घेता आला नाही.

अजिंक्यपदाची चुरस अखेरपर्यंत पोर्शे संघातच राहिली. मेलबर्नजवळील सॅनडाउन पार्क येथे २ डिसेंबर रोजी झालेली शर्यत ही ऑस्ट्रेलियातील मोटार शर्यतींच्या सर्किटवरील पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत होती. ती बेलोफ व बेल यांनी जिंकली आणि बेलोफ मासला मागे टाकून विश्वविजेता झाला. एकाच गाडीत बसणाऱ्या दोघांचे गुण सारखे का नाहीत, असा प्रश्न नव्या वाचकाला पडू शकतो. गुण गाडीला नव्हे तर चालकाला मिळत, आणि इमोला व फुजी येथील विजयांच्या वेळी बेलोफच्या गाडीत बेल नव्हता.

याच वर्षी वाल्टर ब्रुनच्या खासगी संघाच्या ९५६ गाडीतून त्याने जर्मन शर्यत अजिंक्यपदही जिंकले. इंधनाच्या नियमांत राहून शर्यती जिंकण्याची हातोटी त्याला साधली होती. आदल्या वर्षी ज्याला आवर घालावा लागत होता तोच चालक आता हंगामभराचा हिशेब ठेवून गाडी चालवत होता. न्युर्बुर्गरिंगच्या विक्रमाइतकी ही बाब चर्चिली जात नाही, पण विश्वविजेतेपदामागे तीच आहे.

फॉर्म्युला वन

१९८३ च्या अखेरीस मॅकलारेन संघाने सिल्व्हरस्टोन येथे सेना, मार्टिन ब्रंडल व बेलोफ या तिघा तरुणांना आपली गाडी चालवून पाहण्याची संधी दिली. जागा मात्र कोणालाच मिळाली नाही. बेलोफ व ब्रंडल यांना केन टिरेलने आपल्या संघात घेतले.

टिरेल संघ त्या वर्षी टर्बो नसलेले फोर्ड कॉसवर्थ इंजिन वापरत होता. प्रतिस्पर्ध्यांच्या टर्बो इंजिनांपेक्षा त्याची शक्ती शेकडो अश्वशक्तींनी कमी होती. सरळ लांब रस्त्यांच्या मार्गांवर या गाडीला काहीच आशा नव्हती. शहरी मार्गांवर आणि पावसात मात्र शक्तीपेक्षा चालकाचे कौशल्य अधिक मोलाचे ठरते.

३ जून, १९८४ रोजी मोनॅको ग्रांप्रीच्या वेळी मुसळधार पाऊस होता. बेलोफ विसाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावरून निघाला. मैदानातील त्याची गाडी टर्बो नसलेली एकमेव होती. एकामागून एक गाड्या मागे टाकत आणि काही गाड्या घसरून बाद झाल्याने तो वर सरकत गेला. रने आर्नूच्या फेरारीला मागे टाकून तो तिसऱ्या क्रमांकावर आला. पुढे अलें प्रोस्तची मॅकलारेन आणि तिला झपाट्याने गाठत असलेली सेनाची टोलमन होती. बेलोफ या दोघांकडेही सरकत होता. तेवढ्यात शर्यत लाल निशाण दाखवून थांबवण्यात आली आणि ३१ फेऱ्यांअंती असलेले क्रम ग्राह्य धरले गेले. नियोजित फेऱ्या ७७ होत्या.

शर्यत थांबवण्याचा निर्णय घेणारा अधिकारी जाकी इक्स होता. हा पोर्शे संघातील बेलोफचा सहकारी, आणि आघाडीवरील प्रोस्तच्या गाडीतील इंजिनही पोर्शेनेच बनवलेले. त्यामुळे नाना तर्क लढवले गेले. पंचांचा सल्ला न घेता निर्णय घेतल्याबद्दल इक्सवर कारवाई झाली, परंतु त्याने पक्षपात केल्याचे कधी सिद्ध झाले नाही; पाऊस खरोखरच वाढला होता. शर्यत आणखी चालली असती तर सेना जिंकला असता की बेलोफ, यावर आजही वाद होतो. शर्यत अर्धवट राहिल्याने प्रोस्तला विजयाचे नऊऐवजी साडेचार गुण मिळाले आणि वर्षाअखेर तो लाउडापेक्षा अर्ध्या गुणाने मागे राहून विश्वविजेतेपदाला मुकला, हा त्यातला विरोधाभास.

बेलोफच्या तिसऱ्या क्रमांकाची नोंद मात्र आज अधिकृत निकालात सापडत नाही. त्याच महिन्यात डेट्रॉइट येथे ब्रंडल दुसरा आल्यानंतर झालेल्या तपासणीत टिरेलच्या पाण्याच्या टाकीत शिशाच्या गोळ्या आढळल्या. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात पाण्याबरोबर या गोळ्या भरून गाडीचे वजन नियमात बसवले जात असल्याचा ठपका ठेवण्यात आला. गाडीत सुरुवातीला असलेले वजन कमी भरे, हा त्याचा अर्थ. क्रीडासंघटनेने टिरेलला १९८४ च्या अजिंक्यपदातून पूर्णपणे बाद केले आणि त्याचे सर्व निकाल रद्द ठरवले. टिरेलने आरोप नाकारले व अपील केले, ते फेटाळले गेले. अशा रीतीने मोनॅकोतील तिसरे स्थान आर्नूकडे गेले. ज्या संघाने आर्थिक अडचणीत एका होतकरू चालकाला संधी दिली त्याच संघाच्या कारभारामुळे त्या चालकाची सर्वोत्तम कामगिरी नोंदींतून पुसली गेली.

१९८५ मध्ये बेलोफ टिरेलकडेच राहिला. एस्तोरिल येथील पावसात झालेल्या पोर्तुगीज ग्रांप्रीत, जी सेनाने जिंकलेली पहिली शर्यत होती, बेलोफ सहावा आला. डेट्रॉइट येथे तो चौथा आला. हे दोन्ही निकाल जुन्या कॉसवर्थ इंजिनावर मिळाले. त्याच्या नावावर फॉर्म्युला वनचे अधिकृत गुण चारच आहेत. उन्हाळ्यात टिरेलला रेनॉचे टर्बो इंजिन मिळाले, परंतु गाडी विश्वासार्ह नव्हती. २५ ऑगस्ट रोजी झांडफूर्ट येथे झालेली डच ग्रांप्री ही त्याची अखेरची फॉर्म्युला वन शर्यत. पुढील हंगामासाठी फेरारीशी त्याची बोलणी चालू असल्याचे त्या काळी वृत्तपत्रांत येत होते. करार झालेला नव्हता.

स्पा, १ सप्टेंबर १९८५

१९८५ मध्ये बेलोफने पोर्शेचा कारखाना संघ सोडून स्पोर्ट्स कार शर्यतींसाठी ब्रुनच्या खासगी संघाशी करार केला. त्याचा सहचालक फॉर्म्युला टूमधील जुना प्रतिस्पर्धी बुत्सेन होता. कारखाना संघ तोवर अधिक लांब चाकअंतराच्या ९६२ गाडीकडे वळला होता; त्यात चालकाचे पाय पुढच्या आसाच्या मागे येत. अमेरिकेतील शर्यतींच्या नियमांत तशी अट होती आणि त्यासाठीच ही गाडी मुळात बनवली गेली होती. बेलोफ व बुत्सेन यांच्याकडे जुनी ९५६ गाडी होती.

त्या उन्हाळ्यात कॅनडातील मोस्पोर्ट येथे मान्फ्रेड विंकेलहॉक हा दुसरा जर्मन फॉर्म्युला वन चालक ९६२ गाडीच्या अपघातात जबर जखमी झाला आणि १२ ऑगस्ट रोजी मरण पावला. तीन आठवड्यांनी स्पाची शर्यत होती.

शर्यतीच्या ७८ व्या फेरीत बेलोफ इक्सच्या ९६२ ला अगदी चिकटून होता. इक्स बेल्जियन, आणि हा त्याचा घरचा मार्ग. ला सूर्स या तीव्र वळणानंतर रस्ता खाली उतरतो आणि तळाशी ओ रूज येथे आधी डावीकडे, मग उजवीकडे वळून थेट चढावर जातो. दोन गाड्यांना शेजारी शेजारी तेथून पूर्ण वेगाने जाणे त्या काळात अशक्यप्राय मानले जाई. बेलोफने उतारावर डावीकडून आपली गाडी इक्सच्या शेजारी आणली. वळण उजवीकडे फिरले तेव्हा दोन्ही गाड्या एकमेकींना घासल्या आणि दोन्ही रस्त्याबाहेर गेल्या. इक्सची गाडी मागच्या बाजूने आदळली व तो वाचला. बेलोफची गाडी नाकाने कठड्यात शिरली आणि तिने पेट घेतला. इक्स आपल्या गाडीतून उतरून मदतीला धावला. बेलोफला बाहेर काढण्यास बराच वेळ लागला आणि मार्गावरील वैद्यकीय केंद्रात त्याला मृत घोषित करण्यात आले. शर्यत नियोजित अंतरापूर्वी थांबवण्यात आली. विजेती ठरली ती बॉब वोलेक, माउरो बाल्दी व रिकार्दो पात्रेसे यांची लान्शिया.

दोष कोणाचा यावर एकमत नाही. तेथे पुढे जाण्याचा प्रयत्नच करायला नको होता, असे बहुतेक समकालीन चालकांचे म्हणणे होते. इक्सला शेजारची गाडी दिसली असावी व त्याने जागा सोडायला हवी होती, असे मानणारेही आहेत. वेगवान पण कमी सुरक्षित गाडीत बसलेल्या चालकाने तीच जोखीम पत्करली, जी ९६२ मधील चालकाला कदाचित जिवावर बेतली नसती, हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या वादात अनेकदा सुटून जातो. अर्थात विंकेलहॉकचा मृत्यू ९६२ मध्येच झाला होता, त्यामुळे केवळ पेडलांच्या जागेवर सारे ढकलणेही योग्य नाही. इक्सने त्या वर्षाअखेरीस सर्किटवरील व्यावसायिक शर्यतींतून निवृत्ती घेतली.

या दोन मृत्यूंनंतर फॉर्म्युला वन संघ आपल्या चालकांना स्पोर्ट्स कार शर्यतींत उतरू देण्यास नाखूश झाले. दोन्ही खेळ एकाच वेळी खेळण्याची जी पद्धत इक्स, मास, बेलोफ यांच्यापर्यंत चालत आली होती ती यानंतर विरळ होत गेली.

स्मृती

मिखाएल शुमाखरने बालपणी कार्ट चालवताना बेलोफ आपला आदर्श होता असे सांगितले आहे. शुमाखरची वाटही स्पोर्ट्स कारमधूनच गेली: १९९० मध्ये मर्सिडीझच्या ग्रुप सी संघात त्याला, कार्ल वेंडलिंगरला व हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झेनला योखेन मासबरोबर गाडी चालवण्यास देण्यात आले होते. मास तेव्हा नवोदितांचा मार्गदर्शक होता, सात वर्षांपूर्वी बेलने बेलोफसाठी जे केले तेच काम तो करत होता. शुमाखरने आपली पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑगस्ट, १९९२ रोजी स्पा येथेच जिंकली. १९७५ मधील मासच्या विजयानंतर जर्मन चालकाचा हा पहिलाच विजय होता.

गीसनजवळील ओपनरोड येथील कार्ट मार्गाला बेलोफचे नाव दिलेले आहे. प्फ्लांझगार्टननंतरच्या, त्याची गाडी १९८३ मध्ये मोडली त्या परिसरातील दुहेरी वळणाला 'श्टेफान बेलोफ एस' असे नाव आहे.

पात्रता फेरीतील ६ मिनिटे ११.१३ सेकंदांचा विक्रम २९ जून, २०१८ रोजी मोडला. टिमो बेर्नहार्डने पोर्शे ९१९ हायब्रिड इव्हो या गाडीतून नॉर्डश्लाइफंची फेरी ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांत पूर्ण केली. ही गाडी कोणत्याही शर्यतीच्या नियमांत बसणारी नव्हती. बंधने काढून टाकून केवळ विक्रमासाठी ती तयार केली होती आणि मार्गावर त्या वेळी दुसरी कोणतीही गाडी नव्हती. शर्यतीतील ६ मिनिटे २५.९१ सेकंदांचा विक्रम अद्याप बेलोफच्याच नावावर आहे, कारण तशा गाड्यांची शर्यत त्या मार्गावर पुन्हा झालीच नाही. सध्या तेथे होणारी २४ तासांची शर्यत नवा ग्रांप्री मार्ग जोडून सुमारे २५ किमीच्या वळशावर होते, त्यामुळे तिच्या वेळा बेलोफच्या वेळांशेजारी मांडणे चुकीचे आहे.